एका पाठीवरच्या तीन खुणा : बोटांनी मणका ओळखायला शिकण्याचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

हे प्रकरण पश्चिम महाराष्ट्रातल्या एका फिजिओथेरपी महाविद्यालयाच्या ओपीडीतलं आहे. माणसं ओळखू येऊ नयेत म्हणून वय, काम, काळ असे तपशील बदलले आहेत. काय घडलं, आम्ही काय ठरवलं आणि कुठे चुकलो, ते मात्र आहे तसं लिहिलं आहे. मी तिथे मॅन्युअल थेरपी शिकवते, म्हणजे सांधे आणि स्नायू हातांनी तपासायला आणि हातांनीच त्यांवर उपचार करायला शिकवते.

या मुलांच्या बीपीटीएचच्या, म्हणजे फिजिओथेरपीच्या पदवीच्या, साडेचार वर्षांतले शेवटचे सहा महिने इंटर्नशिपचे. अ‍ॅनाटॉमी पहिल्या वर्षाला असते. तेव्हा शवविच्छेदन होतं, हाडांचे संच हाताळून होतात, कातडीवरून आतलं हाड कुठे लागेल त्या खुणा पाठ होतात. या प्रकरणातले तिघे इंटर्न, दोन मुली आणि एक मुलगा, अभ्यासात पक्के होते. कंबरेच्या दोन्ही हाडांच्या वरच्या कडा जोडणारी रेषा कुठून जाते, असं झोपेतून उठवून विचारलं असतं तरी तिघांनी "चौथ्या लंबार मणक्यावरून, मॅडम" असं सांगितलं असतं. लंबार म्हणजे कंबरेचा. पुस्तकाप्रमाणे ते बरोबरही आहे.

रुग्ण होत्या ५४ वर्षांच्या एक मावशी. भांगलणीला जाणाऱ्या, दिवसाचे सहा-सात तास वाकून काम. सहा महिने कंबर दुखत होती. पायात कळ नव्हती, मुंग्या नव्हत्या, वजन घटलेलं नव्हतं, ताप नव्हता, लघवी-शौचाची तक्रार नव्हती. अंगाने भरलेल्या. एक्स-रे काढून आणला होता, तो प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळून खुर्चीखाली ठेवलेला असायचा. त्या पिशवीबद्दल पुढे लिहायचं आहे.

काय घडलं

पहिल्या दिवशी केसपेपरवर नोंद झाली: "एल५ ताठ, दाबल्यावर दुखतं." व्यायाम शिकवले गेले, आणि आठवड्यातून तीनदा पाचव्या लंबार मणक्यावर, म्हणजेच एल५ वर, मागून पुढे हलक्या लयीत दाब द्यायचा असं ठरलं. ओपीडीतल्या पाळ्यांप्रमाणे रोज वेगळा इंटर्न. प्रत्येकाने आदल्या दिवशीची नोंद वाचायची, एल५ शोधायचा, उपचार करायचे, सही करायची.

चौथ्या खेपेला मी शेजारच्या प्लिंथपाशी, म्हणजे उपचारांच्या पलंगापाशी, होते. मावशी पालथ्या झोपल्या होत्या. मान वळवून त्या इंटर्नला म्हणाल्या, "काल त्या पोरीनं खाली दाबलं, तू वर दाबतोयास. दुखणं हाय तिथंच हाय की रं. तुमचंच हात हिंडाय लागल्यात."

तो ओशाळून हसला आणि दाब देत राहिला. मीही त्या क्षणी मध्ये पडले नाही. रुग्णाला सगळंच नीट कळत नसतं, ही सवयीची समजूत माझ्याही मनात होती. आणि शास्त्राचा आधार घेऊन ती समजूत टिकवताही आली असती. बोटाच्या टोकाला दोन ते तीन मिलीमीटर अंतरावरचे दोन स्पर्श वेगळे कळतात; पाठीवर त्यासाठी सुमारे चार सेंटीमीटर अंतर लागतं. त्यामुळे पाठीवर कुठे दाबलं हे सांगताना रुग्णाचा अंदाज चुकू शकतो. पण चुकू शकतो म्हणजे चुकलाच, असं नव्हे. त्यांचं बोलणं पुरावा नसेल, प्रश्न तरी नक्कीच होता, आणि प्रश्नाला उत्तर द्यायला हवं होतं.

दुसऱ्या दिवशी मावशींची परवानगी घेऊन तिघांना एकेक करून आत बोलावलं. पहिल्याची खूण दुसऱ्याला दिसायला नको होती. म्हणून विभागातल्या एका मुलीच्या पर्समधली टिकल्यांची पाकिटं घेतली. इंटर्नने एल५ वर टिकली लावायची. मी पाठीवर पारदर्शक प्लास्टिकचा कागद ठेवून, दोन ठरलेल्या तिळांशी जुळवून, ती जागा कागदावर उतरवायची आणि टिकली काढून टाकायची. मग पुढचा.

कागदावर तीन ठिपके पडले. सर्वांत वरचा आणि सर्वांत खालचा यांत सात सेंटीमीटर अंतर होतं. कंबरेत एका मणक्याच्या काट्यापासून, म्हणजे पाठीवर हाताला लागणाऱ्या त्याच्या मागच्या हाडापासून, पुढच्या काट्यापर्यंत साधारण साडेतीन-चार सेंटीमीटर धरले, तर तिघांचा मिळून दोन मणक्यांचा फरक. चार दिवस केसपेपरवर मात्र एकच अक्षर आणि एकच आकडा लिहिला जात होता.

अडचण नेमकी कशात होती

आधी वाटलं, मोजण्यात चूक आहे. ती होतीच. लंबार मणक्याचा काटा टोकदार नसतो, चांगला रुंद आणि चपटा असतो. नवख्या बोटाला त्याची वरची कड आणि खालची कड दोन वेगळे काटे वाटतात. त्यातून एक आकडा सहज वाढतो. पाचव्याचा काटा त्या मानाने लहान आणि खोल बसलेला. चौथ्याचा ठळक काटा हाताला लागला की "हाच शेवटचा" असं वाटून बोट तिथेच थांबतं.

दुसरी गोष्ट त्या पाठ केलेल्या रेषेची. एक्स-रेवर ती बहुधा चौथ्या मणक्यावरून किंवा चौथ्या-पाचव्याच्या मधून जाते. हाताने चाचपताना मात्र कंबरेच्या हाडावर कातडी आणि चरबीचा थर असतो. हात त्या थरावर टेकतो, कडेच्या वर राहतो, आणि रेषा तिसऱ्या मणक्याकडे सरकते. स्त्रियांमध्ये आणि भरलेल्या अंगाच्या माणसांत जास्तच. म्हणजे पुस्तकातलं वाक्य हाडाबद्दल खरं आहे. हाताला लागणाऱ्या हाडाबद्दल ते जसंच्या तसं खरं नाही. मी पाच वर्षं ते वाक्य हा फरक न सांगता शिकवलं होतं.

पण सगळ्यात मोठं कारण तिघांशी वेगवेगळं बोलल्यावर कळलं, आणि ते कुठल्याही अ‍ॅनाटॉमीच्या पुस्तकात नसतं: परकराची नाडी.

नाडी बरोबर कंबरेच्या हाडाच्या कडेवर, चौथ्या-पाचव्या मणक्याच्या आसपास बसते. ती घट्ट बांधलेली असली की तिथे मांस दुमडतं, खाच पडते आणि बोट अडतं. खालची हद्द नक्की करायची तर सेक्रम, म्हणजे माकडहाडाच्या वरचं मोठं त्रिकोणी हाड, हाताला लागायला हवं. त्यासाठी नाडी सैल करून परकर चार बोटं खाली घ्यावा लागतो. तिघांपैकी कुणीही मावशींना तसं विचारलं नव्हतं. मुलाने तर नाडीच्या वरच काम उरकलं होतं. त्याची टिकली सर्वांत वर होती. एका मुलीने नाडीखाली बोटं सरकवली होती, तिची सर्वांत खाली. "विचारायला कसंतरी वाटतं, मॅडम," ती म्हणाली. संकोच खरा होता, आणि त्याची किंमत जवळजवळ दोन मणके होती.

हा संकोच ओपीडीत सुरू झालेला नव्हता. दुसऱ्या वर्षाच्या प्रॅक्टिकलला ही मुलं एकमेकांच्या पाठीवर शिकतात, तेव्हा मुली कुर्त्यावरूनच हात फिरवतात, आणि उघड्या पाठीसाठी दरवेळी तेच दोन सडपातळ मुलगे पुढे येतात. मी ते वर्षानुवर्षं चालू दिलं. त्यामुळे ज्या पाठीवर मणके मोजता येतात अशा पाठीवरच सगळे शिकले, आणि ओपीडीत येणाऱ्या बहुतेक पाठी तशा नसतात.

समोर असलेले पर्याय

पहिला पर्याय सोपा होता: मी स्वतः एल५ शोधायचा, मार्करने खूण करायची, सगळ्यांनी त्याच खुणेवर काम करायचं. मावशींच्या उपचारात सातत्य आलं असतं. पण मग तिघे माझी खूण शोधायला शिकले असते, मणका नव्हे. शिवाय माझी खूण बरोबर आहे हे कुणी तपासलं होतं?

मोबाइलवरच्या त्रिमितीय अ‍ॅपवर उजळणी, हा विद्यार्थ्यांनीच सुचवलेला पर्याय. मी तो लवकर बाजूला ठेवला. त्यांच्या डोळ्यांना अ‍ॅनाटॉमी येत होती.

विद्यार्थ्यांच्या पाठीवर धातूची खूण चिकटवून एक्स-रे काढावा, असंही एका सहकाऱ्याने सुचवलं. शिकवण्यापायी निरोगी माणसाला, तेही ओटीपोटाच्या भागात, किरणोत्सर्ग द्यायचा नाही. यावर फार चर्चा झाली नाही.

उरली सोनोग्राफी. उभ्या छेदात सेक्रम सलग पांढऱ्या रेषेसारखा दिसतो आणि त्यावरचे मणके करवतीच्या दातांसारखे एकेक करून मोजता येतात. पण गर्भलिंगनिदान रोखणाऱ्या पीसीपीएनडीटी कायद्यामुळे नोंदणी झालेली जागा आणि पात्र डॉक्टर यांच्याशिवाय हे यंत्र वापरता येत नाही. आमच्या विभागात यंत्र आणणं शक्य नव्हतं. रेडिओलॉजिस्टच्या वेळेप्रमाणे आम्हीच तिकडे जाणं शक्य होतं.

मी दोन गोष्टी एकत्र करायचं ठरवलं. विभागात टिकल्यांची आंधळी चाचणी, आणि पुढे त्यांतल्या काही पाठींची सोनोग्राफीवर पडताळणी.

काय केलं

सुरुवात कपड्यांपासून केली. सहा इंटर्नचा गट, मुलींसाठी वेगळी पडद्याआडची जागा, मागून उघडणारे गाऊन, वर चादर. पाठ द्यायची की नाही हे प्रत्येकाने स्वतः ठरवायचं. नाही म्हटलं तर कारण विचारायचं नाही आणि गुणांशी त्याचा संबंध नाही, हे लेखी दिलं. एका मुलीने नाही म्हटलं. ती कागदावर ठिपके उतरवायचं काम करत होती आणि बाकीच्यांच्या पाठी चाचपत होती. पाठीऐवजी तिने आपलं मनगट दिलं. तिच्या मनगटावर सगळ्यांनी रेडियस या हाताच्या हाडामागचा लिस्टरचा उंचवटा शोधला, अंगठ्याच्या मुळाशी असलेल्या खळग्यात स्कॅफॉइड हे मनगटाचं लहान हाड शोधलं, आणि त्याच खळग्यात रेडियल धमनीचा ठोका चुकून दाबून बंद होतो तेव्हा बोट किती जोरात टेकलं आहे हेही कळलं. दाबाचा हा धडा पाठीवर इतका स्पष्ट मिळाला नसता.

कारण बहुतेक जण फार जोरात दाबत होते. बोटाचं टोक पांढरं पडेपर्यंत. दाब वाढला की बोटालाच कमी कळतं आणि रुग्णाचे स्नायू हाताला विरोध करू लागतात. यासाठी जुनी कसरत घेतली: वहीच्या पानाखाली केस ठेवायचा, डोळे मिटून वरून शोधायचा, मग एकेक पान वाढवत जायचं. जोर लावणाऱ्याला केस आधी हरवतो. नखं कापून, हात कोमट करून, बोटांचा मऊ भाग सपाट ठेवून काम करायला सगळे दोन दिवसांत शिकले.

मग मणके. पोटाखाली उशी, म्हणजे कंबरेचा बाक कमी होतो आणि काट्यांमधल्या फटी उघडतात. आता तीन पायऱ्या ठरवल्या. कंबरेच्या कडेवरून वरून खाली एक अंदाज. मग उलट बाजूने: पाठीच्या खालच्या दोन खळग्यांपाशी असलेले हाडाचे उंचवटे, पीएसआयएस, शोधायचे; त्यांची रेषा साधारण दुसऱ्या सेक्रल मणक्यावर येते; तिथून वर चढायचं. आणि शेवटी हालचालीने खात्री. रुग्णाला कुशीवर वळवून गुडघे पोटाकडे आणायचे, बोट दोन काट्यांच्या फटीत ठेवायचं. लंबार फट उघडते आणि मिटते. सेक्रमचे उंचवटे एकमेकांपासून हलत नाहीत. जिथे हालचाल संपते तिथे कंबर संपते. तिन्ही उत्तरं जुळली नाहीत तर केसपेपरवर "जुळत नाही" असं लिहायचं.

हे शेवटचं वाक्य विद्यार्थ्यांना सर्वांत जड गेलं. चार वर्षं परीक्षेत एकच बरोबर उत्तर लिहिलेल्या मुलांना "नक्की नाही" लिहिणं म्हणजे गुण घालवणं वाटतं.

सोनोग्राफीच्या खोलीत आम्हाला दुपारी जेवणाच्या सुट्टीनंतरची वीस मिनिटं मिळाली. दोघांनी पाठ दिली, एक सडपातळ आणि एक जाड मुलगा. सडपातळ पाठीवर सगळ्यांच्या टिकल्या एकाच मणक्यावर होत्या आणि बरोबर होत्या. जाड पाठीवर सहापैकी चार एक मणका वर होत्या. माझीही त्या चारांत होती. रेडिओलॉजिस्टनी पडद्यावर सेक्रमपासून मोजून दाखवलं तेव्हा मुलं माझ्याकडे बघत होती. मी कागदावर माझ्या ठिपक्यापुढे "चूक, एक वर" असं लिहिलं आणि सही केली.

परत आल्यावर त्यांना एक जुना अभ्यास सांगितला. २००० साली ब्रिटनमध्ये प्रसिद्ध झालेला; भूलतज्ज्ञांनी १०० रुग्णांच्या कंबरेवर खूण केलेली जागा कितवी आहे ते सांगायचं आणि एमआरआयवर ताडून बघायचं. बरोबर उत्तर फक्त २९ टक्के वेळा आलं. प्रौढांमध्ये मज्जारज्जू पहिल्या-दुसऱ्या लंबार मणक्याच्या आसपास संपतो, त्याच्या खाली भुलीची सुई टोचायची असते, म्हणून त्यांच्या बाबतीत एका मणक्याची चूक किती महागात पडू शकते हे मुलांना लगेच समजलं.

मधेच उभा राहिलेला प्रश्न

तेव्हा त्या मुलाने विचारलं, "मॅडम, कंबरदुखीत नेमका कुठला मणका हलवला यावर आराम फारसा ठरत नाही असे प्रयोग आहेत ना? मग आपण एवढं कशाला करतोय?"

प्रश्न प्रामाणिक होता आणि असे प्रयोग आहेतही. मी त्याला लगेच उत्तर दिलं नाही, दुसऱ्या दिवशी दिलं. माझं मत असं: आराम पडावा एवढ्यासाठीच आपण बोट लावत नाही. वयस्क बाईच्या एकाच काट्यावर हलकं ठोकल्यावर तीव्र दुखलं तर तिथे हाड पिचलेलं असू शकतं. तो काटा कुठला ते डॉक्टरांना सांगता यायला हवं. पाचवा मणका दुव्यातून तुटून पुढे सरकला तर त्याचा काटा मागेच राहतो आणि पायरी त्याच्या वर, चौथ्या-पाचव्याच्या मधे हाताला लागते. मोजणी चुकली तर अर्थही चुकतो. आणि सर्वांत साधी गोष्ट: केसपेपरवर सही करून जे लिहिलं ते केलेलं असलं पाहिजे. त्याला हे पूर्ण पटलं का, माहीत नाही. पण नंतर नोंदी लिहिताना तो एल५ हा शब्द जपून वापरायला लागला.

निष्पत्ती

या सगळ्यात दीड आठवडा गेला आणि मग कुठे मी मावशींच्या प्लास्टिकच्या पिशवीतला एक्स-रे दिव्यावर लावला.

त्यांच्या शेवटच्या लंबार मणक्याचा उजवीकडचा पंख रुंद होऊन सेक्रमला जोडलेला होता. याला सेक्रलायझेशन म्हणतात. जन्मापासूनची ही ठेवण असते आणि ती फार दुर्मीळ नाही. म्हणजे ज्या पातळीवर सर्वांत खालची टिकली होती तिथे "ताठ" लागणं खरंच असू शकत होतं. पण ते हाडाने जोडलेलं ताठपण होतं, दाबांनी सुटणारं नव्हतं. त्या मणक्याला पाचवा म्हणायचं की आणखी काही, हेही फक्त कंबरेच्या फिल्मवरून नक्की होत नाही, कारण काहींना शेवटची बरगडीच आखूड असते किंवा नसते. आम्ही क्रमांकाचा नाद सोडून नोंद बदलली: "सेक्रमच्या वरचा पहिला हलणारा सांधा, खालून मोजून, एक्स-रेत सेक्रलायझेशन."

उपचारांतले दाब कमी केले. नितंबाच्या आणि पाठीच्या स्नायूंचे व्यायाम वाढवले, भांगलताना दर अर्ध्या तासाने उठून उभं राहायचं ठरवलं. सहा आठवड्यांनी मावशी पूर्ण दिवस कामाला जात होत्या, कळ अधूनमधून यायची. यातलं किती व्यायामामुळे, किती काळ गेल्यामुळे आणि किती हातांमुळे हे सांगता येणार नाही. हात जागेवर आले म्हणून कंबर बरी झाली, असा दावा मी करत नाही.

इंटर्नच्या टिकल्यांतलं अंतर सडपातळ पाठींवर झपाट्याने कमी झालं. जाड पाठींवर थोडंच. तिथे अजूनही आमच्याकडे चांगला उपाय नाही.

आता वेगळं काय केलं असतं

एक्स-रे पहिल्या दिवशी बघितला असता. तो दीड आठवडा खुर्चीखाली होता आणि आम्ही पाठीवर कागद ठेवत होतो. चाचपण्याआधी फिल्म बघितली तर बोट फिल्मचंच ऐकेल, अशी भीती मला होती. म्हणून मी तिकडे वळले नाही, असं मी तेव्हा स्वतःला सांगत होते. उपाय साधा होता: आधी टिकली लावून कागदावर उतरवायची आणि त्याच बैठकीत फिल्म लावायची.

मावशींनी "हात हिंडाय लागल्यात" म्हटलं त्याच क्षणी मुलाला थांबवायला हवं होतं. त्यांच्यासमोर. मी दुसऱ्या दिवसापर्यंत थांबले ते त्याची लाज राखायला, पण त्यामुळे मावशींना आणखी एकदा नको त्या जागी दाब मिळाला.

आणि नाडीचं वाक्य पहिल्याच वर्षी शिकवायला हवं होतं. आता ते आम्ही इंटर्नना पहिल्या आठवड्यात एकमेकांवर म्हणायला लावतो, जसं हाडांची नावं म्हणायला लावतो: "मावशी, कंबरेच्या खालचं हाड बघायचं आहे. नाडी थोडी सैल करावी लागेल, वर चादर घालते. सिस्टर इथेच आहेत. नको वाटलं तर लगेच सांगा."

गेल्या महिन्यात एका आजींनी नको म्हटलं. इंटर्नने चादर सारखी केली, नाडीच्या वर जेवढं लागलं तेवढं चाचपलं आणि केसपेपरवर लिहिलं: "खालून मोजणी झाली नाही. पातळी नक्की नाही."